खालचा चौकोन

सुमेधाने बोट टेकवलं तसं शेवाळ बोटाला चिकटून आलं. तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखं.

"बाबा, छत्री जरा इकडे घ्या."

अंबादासने छत्री पुढे केली. मदनमहालच्या टेकडीवर आठवडाभर पावसाने ठाण मांडलं होतं. काळे गोल खडक जागोजागी हिरवेगार झाले होते. मेला होता तो फक्त तिने पांढऱ्या ऑइलपेंटने आखलेला हा चौकोन.

"वरचा चौकोन मस्त हिरवा आहे. मग हाच काहून गेला?"

अंबादासने छत्री आणखी खाली धरली.

खडकावरचं हे शेवाळ, म्हणजे मॉस, उन्हाळा कसं काढतं, यावर सुमेधाचं संशोधन चाललं होतं. कांचघरच्या त्यांच्या गल्लीत हे कोणाला सांगून पटत नसे. "काई पे पढ़ाई?" असं म्हणून शेजारचा भैयालाल दर वेळी हसायचा. जन्मभर कारखान्यात फिटरकी केलेल्या अंबादासला त्यावर उत्तर सुचत नसे. मार्चमध्ये ते त्याला सापडलं. करपलेल्या काळ्या थरावर लेकीने पाण्याचे थेंब सोडले आणि बघता बघता बारीक पानं उलगडली, हिरवी झाली. मग एप्रिल लागल्यापासून संध्याकाळी फिरायला आला की तो कोणाला ना कोणाला या खडकापाशी आणायचा. बाटलीचं झाकण भरून पाणी ओतायचा.

"पाहा, मरेल नाही ते. जित्तं हाय. माह्यी पोरगी याच्यावर शिकून राहिली."

"अरे वा, अंबादास," भैयालालही एकदाचा म्हणाला होता, "बिटिया तो जादूगर निकली."

ते ऐकायला तो सबंध उन्हाळा येत राहिला. वरच्या चौकोनापर्यंत चढायला गुडघे साथ देत नव्हते, म्हणून हाच.

"यावर कोणीतरी पाणी टाकलंय," सुमेधा म्हणाली.

"पाण्यानं काहून मरंल ते?"

"थोड्या पाण्यानं मरतं, बाबा. ओल लागली की ते जागं होतं, साठवलेलं खर्चून आधी स्वतःची डागडुजी करतं. ओल टिकली, तर ऊन खाऊन पुन्हा कमावतं. इथे दगड तव्यासारखा तापलेला, पाणी लगेच उडून जातं. कमाई काहीच नाही, नुसता खर्च. रोज असं उठवलं तर संपणारच ना? माझे गाईड सर विचारत होते, तिथे कोण कोण जातं. मी म्हटलं, मी जाते, नाहीतर आमचे बाबा. बाबा हात लावणार नाहीत."

छत्रीचा दांडा अंबादासच्या मुठीत घसरला.

पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन पहारेकरी शालिग्राम खालून चढत आला. सुमेधा त्याच्याकडे वळली.

"शालिग्राम भैया, मैंने कहा था न, इसे कोई छूने न पाए? अब ऊपर बताना पड़ेगा."

शालिग्रामने अंबादासकडे पाहिलं. उन्हाळाभर ती बाटली त्याच्याच माठातून भरली जात होती. त्याची नोकरी कच्ची होती. त्याने मान खाली घातली.

"गलती हो गई, दीदी. बच्चे आते हैं, क्या करें."

आता नुसतं गप्प राहिलं, की झालं. शालिग्राम बोलणार नव्हता. लेक तर विचारणारही नव्हती.

"पोट्टे नाही," तो म्हणाला. "मी टाकलं."

सुमेधा वडिलांकडे वळली.

"भैयालालले दाखोलं. मंग सगळ्याइले. तुह्यं नाव सांगत होतो मी, बाई."

छत्रीवर पाऊस वाजत होता. सुमेधाने बोटाला चिकटलेलं शेवाळ पुसून टाकलं नाही, कागदाच्या पुडीत घेतलं.

"सरांना सांगावं लागेल," ती हळूच म्हणाली. "बाबांनी टाकलं म्हणून."

"हो. तसंच सांग. या भैयाचं नाव नको घेऊ." मग त्याने विचारलं, "पुन्हा येईल काय वं?"

"माहीत नाही." पुडी पिशवीत ठेवून ती उठली. "तुम्ही आता काही करू नका, बाबा."

ती वरच्या चौकोनाकडे चढून गेली. छत्री तिने मागितली नाही.

अंबादास तिथेच उभा राहिला. मग त्याने हात लांबवून छत्री त्या मेलेल्या चौकोनावर धरली, आपण भिजत.

"बाबूजी," शालिग्राम म्हणाला, "आप भीग रहे हैं."

त्याने छत्री हलवली नाही.