उजव्या हाताला साखर, डावा ठणठणीत

पार्सल गोदामाच्या मागच्या आवारात सकाळी साडेनऊला पन्नासेक माणसं रांगेत उभी होती. हमाल, कारकून, वजनकाट्यावरचे काका, सगळे सदरे वर करून. प्रत्येकाच्या उजव्या चिमटीत एक द्राक्ष. पुढे टेबलामागे पार्सलबाबा पोटांवर धडाधड रबरी शिक्का मारत होते: ‘योग्य पत्त्यावर रवाना’. बायकांना मनगटावर चाले. बायकांचं पोट म्हणे मनगटाला जोडलेलं असतं.

हसू नका. मी हसले, तर माझ्या दादाने आठवडाभर अबोला धरला. तो याच गोदामात माल रवाना करतो.

पार्सलबाबा गेल्या वर्षीपर्यंत इथलेच हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठेतरी पेशीबद्दल वाचलं आणि डोक्यात उजेड पडला. “शरीर म्हणजे गोदाम!” ते सांगत. “पेशीत प्रथिनं बनतात, घडी होते, पिशवीत भरतात, पत्ता लागतो, माल बाहेर जातो. पत्ता चुकला की रोग. तुमचं इन्सुलिन रोज परत येतंय, आणि तुम्ही बसलाय सुया टोचत.”

ज्यांनी जन्मभर चुकलेल्या पत्त्यांपायी बोलणी खाल्ली, त्यांना हे लगेच पटलं. माझी खरी चिडचिड वेगळीच होती. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, आणि हा माणूस अर्धं खरं बोलत होता. पेशीत असंच चालतं. प्रथिनाची साखळी बनते, तिची घडी पडते, वाकडी घडी बाद होते. इन्सुलिनच्या साखळीतला तर जादा तुकडा कापून टाकतात, मग ते इवल्याशा पिशवीत भरून ठेवतात आणि रक्तात साखर वाढली की बाहेर सोडतात. फक्त पोटावरचा शिक्का वाचायला तिथे कुणी बसलेलं नसतं.

पण बाबांकडे पुरावा होता. साखर मोजायचं यंत्र. चिमटीतलं द्राक्ष “मन स्थिर होईपर्यंत” चुरगाळायचं, मग त्याच बोटाला टोचायचं. आकडा चारशेच्या वर. रांग हळहळायची. मग शिक्का, मग ‘शुद्धीच्या’ पाण्यात बोट बुडवून पुसायचं, पुन्हा टोचायचं. एकशे दहा. टाळ्या.

माझी भाची, दादाची मुलगी, अकरा वर्षांची. चार वर्षं झाली, इन्सुलिनवर आहे. आदल्या सकाळी ती नेहमीची सुई टोचून घेऊन इथे आली होती, त्यामुळे शिक्क्यानंतर आकडा बरा आला. झालं! दादाने संध्याकाळची सुई बंद केली, आजची सकाळचीही. आज तो तिला पक्क्या शिक्क्यासाठी घेऊन आला होता, मीही मागोमाग आले होते. रांगेत तिने पाण्याची तिसरी बाटली संपवली आणि माझा हात धरला.

“आत्या, तहान जातच नाही गं.”

ही साखर चढल्याची तहान होती. मी तिला घेऊन सरळ टेबलापाशी गेले. “बाबा, आधी माझी तपासा.”

द्राक्ष चुरगाळलं. चारशे अडतीस.

“अरेरे, किती माल तुंबलाय!” बाबांनी शिक्का उचलला.

“थांबा. आता डावा हात.”

“एक हात पुरतो.”

“बघा की,” वजनकाट्यावरचे काका म्हणाले. “आम्हीसुद्धा शंका आली तर दोनदा तोलतो.”

डाव्या हाताला शहाण्णव.

“बाबा, उजवीकडून मी मरायला टेकलेय आणि डावीकडून ठणठणीत. हद्द कुठे आखलीय?”

बाबांनी शिक्का शाईत टेकवला. “दोन्ही विभाग वेगळे आहेत.”

काकांनी आपल्या उजव्या हाताचं द्राक्षाने चिकट झालेलं बोट नळाखाली साबणाने धुतलं आणि बिनशिक्क्याचंच पुढे केलं. एकशे चार.

“बोटाला द्राक्षाचा रस लागला की तो रक्ताच्या थेंबात मिसळतो,” मी सांगितलं. “यंत्र द्राक्षाची साखर मोजतंय. तुमची नाही.”

मागून एक कारकून गंभीरपणे म्हणाला, “मग शिक्का द्राक्षावर मारायचा का?”

मला हसायला वेळ नव्हता. भाचीचे दोन्ही हात साबणाने धुतले, कोरडे केले, बोटाला टोचलं. चारशे बारा. इथे द्राक्ष नव्हतं.

“माल वाटेत आहे,” बाबा पुटपुटले.

दादाचा चेहरा उतरला. वीस वर्षं लोकांनी त्याला जे विचारलं तेच त्याने विचारलं. “कुठवर आलाय?”

बाबा टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

“दादा, इन्सुलिन बनवणाऱ्या तिच्या पेशीच उरलेल्या नाहीत,” मी म्हणाले. “तिच्याच शरीराने मारल्या त्या. भरायला माणूस नाही, पाठवायला माल नाही. ती सुई म्हणजे बाहेरून आणलेला तयार माल आहे रे.”

त्याने पोरीला उचललं आणि धावत सुटला.

दवाखान्यात सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरबाईंनी विचारलं, “सुई कुणी बंद केली?” दादा म्हणाला, “मी.” बाई म्हणाल्या, “आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं.” दादा तिथेच खाली बसून रडला.

पोर वाचली. पण दुसऱ्या सकाळी आवारात पुन्हा सात माणसं उभी होती, आणि एक आजी नातवाला घेऊन आली होती. दादा बादली आणि साबण घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला.

“आधी दोन्ही हात धुवा, मग यंत्राचं ऐका,” तो म्हणाला. “आणि आजी, याची सुई डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मी केली होती. माझी मुलगी अजून दवाखान्यात आहे.”