मी ठक आहे

पेंटरच्या धाकट्या मेव्हणीचं लग्न दोनदा मोडून तिसऱ्यांदा एकदाचं लागलं, त्या वर्षीची गोष्ट. शेवटची लेक उजवून सासूबाई मोकळ्या झाल्या आणि एक ट्रंक, एक पानाचा डबा आणि वरची-खालची कवळी घेऊन थोरल्या जावयाकडे राहायला आल्या.

जावई पेंटर. गल्लीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. दोरीला खडू चोळून तो फळीवर आधी आडवी रेघ मारायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एकेक अक्षर तिच्यावर टांगायचा. अक्षरं अशी देखणी की लोक थांबून बघत. त्याला वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. गिऱ्हाईक मजकूर लिहून आणायचं, हा बघून चित्र काढायचा. डोक्यावर रेघ असेल ती बाजू वर, एवढं ज्ञान त्याला बावीस वर्षं पुरलं होतं. हे बायकोला ठाऊक होतं. तीही निरक्षर, त्यामुळे घरात शांतता होती.

सासूबाईंना ठाऊक नव्हतं. "जावई गावभर लिहितो," असं त्यांना लग्नाच्या बैठकीत सांगितलं होतं.

त्यांच्या तोंडी एक जुना शब्द सतत असायचा: ठक. बुडातून गळणारी बादली ठक, बाहेरून पिवळी आणि आतून कच्ची पपई ठक. शेजारचा इस्त्रीवाला एकदा म्हणाला, "आजी, हल्ली त्याला फ्रॉड म्हणतात."

"फ्रॉड बँकेत होतो रे. ठक घरी येतो," त्या म्हणाल्या. "चोर आपली पाठ फिरायची वाट बघतो. ठकाला आपण खुर्ची देतो, पाणी विचारतो, वर आभार मानतो. आपला हात लागल्याशिवाय कुणी ठक होत नाही, बाबा."

त्याच महिन्यात समोरच्या माडीवर दातांचा डॉक्टर आला. पांढरा कोट, मऊ आवाज. जुन्या कवळ्या फुकट घासून, घट्ट बसवून देणार होता. पाटीचा मजकूर त्याने स्वतः आणून दिला.

"वर मोठी अक्षरं," तो म्हणाला, "आणि खाली ही ओळ बारीक काढा. वेलबुट्टीसारखी नाजूक."

पेंटरने जीव ओतून काढली. डॉक्टरने त्याची पाठ थोपटली आणि सासूबाईंची कवळी सगळ्यांत आधी नेली. खुर्ची पेंटरनेच पुढे केली होती.

तीन आठवड्यांत गल्लीतल्या एकतीस कवळ्या माडीवर गेल्या. मग एका सोमवारी माडीला कुलूप दिसलं, आणि मंगळवारी कुलूपही दिसेना.

गल्ली खाली जमली. निवृत्त मास्तरांनी चष्मा पुसून पहिल्यांदाच मान वर केली आणि पाटी शेवटपर्यंत वाचली. बारीक ओळ अशी होती: मी ठक आहे. दात परत मिळणार नाहीत.

सगळ्यांच्या माना पेंटरकडे वळल्या.

"ही ओळ तुझ्या हातची," मास्तर म्हणाले. "न वाचताच काढलीस?"

"वाटा किती मिळाला रे?" इस्त्रीवाल्याने विचारलं आणि पेंटरच्या शिडीला हात घातला. "आता गल्लीत ब्रश लावून दाखव."

पेंटर पेचात पडला. वाचली म्हणावं, तर ठकाचा भागीदार. नाही म्हणावं, तर अडाणी पेंटरला उद्यापासून पाटी कोण देणार? त्याने बायकोकडे पाहिलं. तिने पदराचं टोक चावायला घेतलं होतं.

"मला वाचता येत नाही," तो म्हणाला. "एकही अक्षर."

"काय?" सासूबाई गर्दीतून पुढे आल्या. "आणि बैठकीत सांगितलं ते?"

"लिहितो असं सांगितलं होतं, आई. वाचतो असं कुणी म्हणालं नाही."

"ठक! बावीस वर्षं मी पाव्हण्यारावळ्यांत मिरवत्येय! लेक मी दिली, आणि वर हात जोडले!" त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि बोळक्या तोंडाने हसायला लागल्या, त्या थांबेनातच. मग एकाएकी गल्लीकडे वळल्या. "आणि तुम्ही हो शहाणे? याला येत नव्हतं. तुम्हाला तर येत होतं ना? तीन आठवडे त्याच पाटीखालून आ वासून वर गेलात! सोड रे ती शिडी!"

इस्त्रीवाल्याने शिडी सोडली. त्याच्या बापाची कवळी त्यानेच पोचवली होती.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर पाटी-पेन्सिल घेऊन पेंटरकडे येऊ लागले. मनाला लागलं होतं त्यांच्या. क, ख, ग झपाझप झाले. त, थ, द, ध वर मात्र दोघं महिनाभर अडकले, कारण त्या अक्षरांना दात लागतात आणि मास्तरांचे दात ठकाकडे होते.

डॉक्टरची पाटी सासूबाईंनी उतरवून घरात आणली होती. सहा महिन्यांनी पेंटरने खालची ओळ बोट ठेवून त्यांना वाचून दाखवली.

"मेला खरं बोलला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र मला सांगायला बावीस वर्षं लावलीत, जावईबापू. मोठे ठक तुम्हीच."

नवी कवळी त्यांनी करवून घेतली नाही. सासूबाई पुढच्या वर्षी अकरा जुलैला, गुरुवारी दुपारी, मऊ भात खाऊन आडव्या झाल्या असताना वारल्या.