पाच कोटांचा फोटो

"काका, या पाचही बाप्यांनी बायकांचे कोट काहून घातलेत?"

पंचफुलानं विचारलं आणि मागं तिच्या मैत्रिणीनं, अनुसूयानं, तोंडात रुमाल कोंबला. पैजच तशी लागली होती. इतिहासाच्या सरांना विचारायची तर कोणाची छाती नव्हती, म्हणून फोटोवाल्या मोहनसिंगांवर निभावलं. चाचणीत वर्गात पहिली आल्यापासून पंचफुलाच्या जिभेचा टाकाच उसवला होता.

मराठवाडा मुक्त होऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळेच्या हॉलात आठवडाभर हिंगोलीचे जुने फोटो मांडले होते. स्टेशन, मोंढा, कयाधूचा पूर. मोहनसिंगांच्या चुलत्यानं ते काचेवर काढले होते. काचा वर्षानुवर्षं पेटीत पडून होत्या. मोहनसिंगांनी या पावसाळ्यात त्या कागदावर उतरवल्या. त्यात मान होता तो शाळेच्या पहिल्या खोलीपुढं उभ्या असलेल्या पाच जणांना. साल एकोणीसशे एकतीस. काचेच्या पाकिटावर नावं लिहिलेली, डावीकडून: जळबा गवंडी, ग्यानोबा, राधाकृष्ण, वसराम, उद्धवराव. शाळेला जागा दिली उद्धवरावांनी. त्यांची माणसं केव्हाच हैदराबादेला गेलेली, चेहरा ओळखणारं गावात कोणी उरलं नव्हतं. म्हणून फोटोतल्या उजव्या टोकाच्या माणसाचा चेहरा मोठा करून हॉलाच्या दारावर कायमचा लावला आणि पाहुण्यांनी त्याला हार घातला.

"बायकांचे?" मोहनसिंग हसले. "ते कोट माझ्या काकाचे. ज्याच्याकडं नसंल त्याला फोटोपुरता घालायला द्यायचा. जमीनदार असो का गवंडी, फोटोत सगळे साहेब."

"मग तुमच्या काकांचा टेलर येडा होता. बटणं बघा, डाव्या अंगाला हाईत. बाप्याची उजव्या अंगाला असतात. आमच्या दुकानात मी रोज लावते."

मोहनसिंग आणखी थोडं हसले आणि मग थांबले. चष्मा काढून पुसला, परत घातला, फोटोला नाक लावून पाचही कोट बघितले.

"बेटा, टेलर बराबर होता," ते हळूच म्हणाले. "काच माझ्याकडून उलटी लागली. डावं ते उजवं झालं."

"जिंकलीस. चल, बोरकूट घेऊ," अनुसूया म्हणाली.

पंचफुला जागची हलली नाही. ती बोटानं माणसं मोजत होती. काच उलटी, पण नावं सुलटी. मधला राधाकृष्ण तेवढा जागेवर राहिला, बाकी चौघांची नावं फिरली. म्हणजे हारातला माणूस उद्धवराव नव्हे. तो जळबा. तिचा आजोबा.

आणि घरी भिंतीवर होता तो उद्धवराव.

जळबा पटकीनं गेला तेव्हा तिचे बाबा, सोनाजी, दीड वर्षाचे होते. बापाचा चेहरा त्यांना आठवतच नव्हता. महिन्यापूर्वी या फोटोची बातमी लागली, तसे ते मशीन टाकून मोहनसिंगांकडं धावले, डाव्या टोकाचा माणूस मोठा करून घेतला आणि बुद्धाच्या अन् बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी लावला. दुकान उघडायच्या आधी रोज त्याच्यापुढं उभे राहत. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत, "नाक बघा. हुबेहूब माझं न्हाई का?"

"तुझ्या बाबांनी लई हौसेनं फ्रेम केलाय," मोहनसिंग म्हणाले. "तू म्हणशील तसं. न्हाई सांगायचं तर मी बी गप. नवी प्रिंट काढतच न्हाई."

शनिवारची अर्धी शाळा सुटली. वाटभर अनुसूया बोलत राहिली आणि पंचफुला गप्प, हे पहिल्यांदाच घडलं. न सांगावं तर बाबा सुखात होते. पण मग जळबानं बांधलेल्या शाळेत जळबाच्याच गळ्यात दुसऱ्याच्या नावाचा हार राहणार होता, आणि ते ठाऊक असून तिला रोज त्याच्याखालून वर्गात जायचं होतं.

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. बाबा पायजम्याला नाडीची पट्टी लावत होते. पंचफुलानं फ्रेम उतरवली आणि मशीनवर ठेवली.

"बाबा, तोंड नका बघू. कोट बघा."

सोनाजींनी बघितलं. मग कोटाच्या कडेवरून अंगठा फिरवला, जसा ते कापडावर फिरवत.

"काजं उजव्या अंगाला," ते म्हणाले. "बाप्याच्या कोटाला?"

तिनं काचेचं सगळं सांगितलं. माय, कमलबाई, पीठभरल्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

"मंग महिनाभर म्या फुलं कोणाला वाहून राहिले?"

"शाळेला जागा देणाऱ्या उद्धवरावांना."

"अन् आपला माणूस?"

"शाळेत. पाहुण्यांचा हार घालून."

कमलबाईला हसू आलं, ते तिनं पदरात लपवलं. सोनाजी हसले नाहीत. तीस वर्षं बटणं लावली आणि महिनाभर समोर असलेली ही पाच बटणं त्यांना दिसली नव्हती. ते पुन्हा त्या चेहऱ्याकडं बघत राहिले.

"पण नाक," ते म्हणाले.

"नाक तुमचं तुमचंच हाय," माय म्हणाली. "कोणाकडून आणायची काय गरज?"

मग सोनाजींनी विचारलं, "तो... कसा दिसतो गं?"

"कान तुमच्यासारखे हाईत," पंचफुला म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, हेही आपण बघायचं म्हणूनच बघितलं असेल. "म्हणजे, बघून ठरवा. मला पक्कं न्हाई सांगता येत."

सोनाजींनी मान हलवली. फ्रेमची काच त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं पुसली. परक्या माणसाची वस्तू परत करताना पुसावी, तशी.

पंचफुलानं फ्रेम जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सुतळी आवळली.

"सोमवारी प्रार्थनेच्या आधी मी हेडमास्तरांपुढं जाणार हाय," ती म्हणाली. "त्यांचा माणूस त्यांना देते आणि आपला घेऊन येते. पण त्याच्या गळ्यातला हार काढू देणार न्हाई. तुमी दोघं बी चला म्हणते, न्हाई आलात तरी मी जाणारच."