रिकाम्या तलावातली मैफल

कामाच्या दौऱ्यावर नवऱ्याला बरोबर नेण्याची माझी ही पहिलीच वेळ. मी वजनकाटे तपासते. औषधांच्या कारखान्यांत काचेच्या पेटीत ठेवलेले जे नाजूक काटे असतात, ते खरं बोलतात की नाही ते पाहायचं, खोटं बोलत असतील तर तसं लिहायचं, सही करायची आणि संध्याकाळच्या गाडीनं निघायचं. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दुकान सोडून हे एरवी लग्नकार्यालासुद्धा अर्ध्या दिवसावर थांबत नाहीत.

या वेळी कारणच तसं होतं. ज्या कारखान्यात जायचं होतं, त्याला स्वतःची तपासणीची खोली उभारायची होती. प्रमुखांनी फोनवर विचारलं होतं, "तुम्ही याल का? दोन वर्षांसाठी. खोली तुमची, माणसं तुमची. काटे तपासायला याल तेव्हा गाव बघून घ्या आणि निघायच्या दिवशी सकाळी सांगा."

"गाव मीपण बघतो," हे म्हणाले. "राहायचं झालं तर दोघांना राहायचंय."

तेव्हा मी एक नियम घातला. आमच्या कामात एकच वजन दोघं जण वेगवेगळं मोजतात आणि शेवटपर्यंत एकमेकांचा आकडा बघत नाहीत. बघितला की दुसऱ्याची नजर नकळत तिकडे झुकते. मी म्हटलं, आपणही तसंच करू. तुमचं मत तुम्ही बनवा, माझं मी बनवते. शेवटच्या संध्याकाळपर्यंत या विषयावर अवाक्षर काढायचं नाही.

"म्हणजे आठवडाभर भांडण नाही? मंजूर," हे म्हणाले.

नियम सोपा वाटला होता. पण माणूस बोलायचं थांबला की त्याच्या प्रत्येक हालचालीला अर्थ चिकटायला लागतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

निघायच्या दोन दिवस आधी मी काटे नव्या टेबलांवर हलवले. हलवलेला काटा वीज देऊन एक दिवस नुसता ठेवावा लागतो, तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. त्यामुळे दुसरा अख्खा दिवस आम्हाला मोकळा मिळाला. दिवसभर गाव पाहायचं आणि संध्याकाळी एका वादनाच्या कार्यक्रमाला जायचं, असं ठरलं. तिकिटं ह्यांनीच कुठूनतरी मिळवली होती.

सकाळी खोलीत आवरत असताना सासूबाईंचा फोन आला.

"काय गं, ठरलं का?"

"नाही अजून, आई."

"माझा विचार करू नका हो. मी जाईन लेकीकडे. तिच्याकडे जिना आहे, पण चढेन. देव आहे पाठीशी."

"आई, जा म्हणताय की नको म्हणताय?"

"मी कोण म्हणणार! मी आपलं विचारलं. तो जेवतो ना नीट?"

फोन ठेवला. हे आरशात बघून डोळ्यांत थेंब घालत होते. ह्यांचे डोळे कोरडे पडतात, त्यामुळे दिवसातून चार वेळा औषध असतं. "काय म्हणाली आई?" ह्यांनी विचारलं.

"कळलं नाही."

"म्हणजे बरी आहे."

आधी आम्ही घड्याळाच्या मनोऱ्यावर गेलो. जिना गोल आणि अरुंद होता. उतरणाऱ्या माणसाला वाट द्यायची तर भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यावं लागे. अर्ध्यावर हे थांबले, गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "या गावात चढच फार."

मी मनात नोंदवलं: नको म्हणतायत.

वर पोचलो. खाली नदी, तिच्यावरचे तीन पूल, लाल छपरं आणि पलीकडे आमच्या कारखान्याची धुरांडी. हे कठड्याला रेलून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "इथला उजेड चांगला आहे. अक्षर वाचायला असा उजेड पाहिजे."

मी नोंदवलं: हो म्हणतायत.

खाली येऊन आम्ही होडीत बसलो. होडीतल्या माणसांकडे बघत हे माझ्या कानाशी लागले. "बघ, त्या बाईंचा चष्मा नाकावर किती घसरलाय. त्या गृहस्थांची उजवी दांडी वाकडी. या गावात कुणी चष्मा बसवूनच देत नाही वाटतं."

आता हे गावाला नावं ठेवणं होतं, की इथं आपल्याला काम आहे असं सुचवणं? मी ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हे पाण्याकडे बघत होते. बावीस वर्षांच्या संसारात मला ह्यांचा चेहरा वाचता येतो, असा माझा समज होता. त्या दिवशी एकाच चेहऱ्यावर मला सकाळपासून तीन वेगवेगळे आकडे दिसले होते. काट्यानं असं केलं असतं, तर मी त्याला बाद केलं असतं.

दुपारी बाजाराच्या रस्त्यानं परतताना एका चष्म्याच्या दुकानातून हाक आली. "अहो! आज येत नाही का आत?" दारात एक टक्कल पडलेला, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस उभा होता. हे लगबगीनं म्हणाले, "आज नाही, आज हिच्याबरोबर आहे. संध्याकाळी भेटूच." मला कोपरापाशी धरून ह्यांनी पुढे नेलं.

"कोण ते?"

"चष्मेवाले. तू कामावर असायचीस तेव्हा बसायचो त्यांच्याकडे. ते वाजवतात संध्याकाळी. तिकिटं त्यांनीच दिली."

"बसून काय करायचात?"

"गप्पा," हे म्हणाले, आणि लगेच, "तू नियम मोडत्येयस."

गप्पांचा नियमाशी काय संबंध, हे मला कळेना. आणि संबंध नसेल, तर ह्यांना तो का वाटला, हे त्याहून कळेना.

कार्यक्रम एका जुन्या, बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात होता. छप्पर असलेला मोठा तलाव, पाणी काढून टाकलेलं. श्रोत्यांनी शिडीनं तलावात उतरायचं आणि तळावर मांडलेल्या खुर्च्यांवर बसायचं. तळ एका बाजूनं उथळ, दुसऱ्या बाजूनं खोल, म्हणून खुर्च्यांच्या पुढच्या पायांखाली लाकडी पाचरी दिलेल्या. तरी बसल्या जागी आपण हळूहळू पुढे सरकतोय असंच वाटत राही. माझ्या पायांनी आपोआप जोर धरला. सपाटी नसलेल्या जागेत मला चैन पडत नाही.

"सोड पाय," हे हसले. "बुडत नाहीस."

खोल टोकाला तिघं होते. एक बाई क्लॅरिनेट घेऊन, एक ढोलवाला, आणि दुपारचे ते चष्मेवाले, माणसाएवढ्या उंच चार तारांच्या वाद्याला मिठी मारून. वाजायला लागलं आणि माझी पंचाईत झाली. वाजवणारे समोर, पण आवाज मागून येत होता. फरशांच्या भिंतींवर आपटून तो कधी डावीकडून येई, कधी डोक्यावरून. क्लॅरिनेटचा सूर माझ्या पाठीमागच्या बाईच्या पर्समधून निघतोय, असं एकदा वाटलं. मी मागे वळून बघितलंसुद्धा. डोळे सांगत होते एक, कान सांगत होते दुसरं. थोड्या वेळानं मी डोळे मिटले, तेव्हा जरा बरं वाटलं.

उघडले तर ह्यांच्या गालावर पाणी होतं.

संगीत ऐकून हे कधी रडलेले मला आठवत नाहीत. मग घरच्या आठवणीनं? की दुकानाच्या? विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ह्यांनी औषधाची बाटली खिशात ठेवली. थेंब पुन्हा घातले होते तर. किंवा आधी रडून, ते लपवायला मग घातले होते. एकाच पाण्याचं मूळ शोधायला माझ्याकडे काही साधन नव्हतं.

मध्यंतरात हे शिडी चढून कॉफी आणायला गेले. चष्मेवाले रुमालानं टक्कल पुसत माझ्याकडे आले.

"वहिनी, बरं वाजतंय ना?"

"कुठून वाजतंय तेवढं कळत नाही."

ते मोठ्यानं हसले. "आम्हालाही कळत नाही! आम्ही एकमेकांच्या हातांकडे बघून वाजवतो." मग माझ्या शेजारी बसून म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचा हात काय हलका आहे हो! तीन दिवस माझ्याकडची भिंगं घासून देतायत. मी म्हटलं, इथं येणारच आहात तर माझ्याकडे बसा. मला तालमींना वेळ मिळेल. तर लगेच कबूल. म्हणाले, मालक तुम्हीच, मी आपला मदतनीस."

मी शिडीकडे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "जास्त बोललो का मी?"

"नाही. आमचं बोलणंच बंद होतं."

"अरेरे! भांडण?"

"नियम," मी म्हटलं. ते गोंधळून उठले आणि वाद्याकडे गेले.

उत्तरार्धातलं मी काही ऐकलं नाही. आमच्या दुकानावर सासऱ्यांच्या नावाची पाटी आहे. हे रोज सकाळी आधी ती पुसतात, मग कुलूप काढतात. तो माणूस इथं दुसऱ्याच्या स्टुलावर बसून मदतनीस म्हणवून घेणार, माझ्या खोलीसाठी. हे मला घेता येण्यासारखं नव्हतं. माझं उत्तर तिथंच ठरलं: नाही. ठरल्याबरोबर एकदम सुटल्यासारखं वाटलं. उत्तर इतकं सोईचं आलं की पुन्हा मोजायचं, ही आमच्याकडची शिस्त आहे. मी मोजलं नाही.

कार्यक्रम संपला. लोक शिडीकडे गेले. आम्ही बसून राहिलो.

"चल, आता आकडे फोडायचे," हे म्हणाले. "आधी तू."

"नाही. मी उद्या त्यांना नाही सांगते."

हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आणि मी तीन दिवस त्या माणसाची भिंगं कशाला घासली?"

"मला कळलंय ते. माझ्यासाठी तुम्ही दुकान सोडायचं नाही. बाबांची पाटी आहे ती."

"तुझ्यासाठी?" हे उठून उभे राहिले. तळ उतरता होता, म्हणून एक पाऊल पुढे गेले आणि सावरले. "अगं बाई, मला यायचंय! रोज तेच शटर, तेच शेजारी, 'काका, नवीन काय आलंय?' नवीन काय येणार! इथं आलो आणि पहिल्यांदा कुणाचा तरी नोकर झालो. संध्याकाळी हात धुतले आणि निघालो. कुलपाची आठवणसुद्धा नाही. इतकं बरं वाटलं, की मघाशी वाजत होतं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"मग मनोऱ्यावर म्हणालात, चढ फार आहे."

"गुडघे दुखत होते म्हणून म्हणालो!"

"आणि उजेड?"

"उजेड चांगला होता."

खुर्च्या गोळा करणारी माणसं उथळ टोकापासून सुरुवात करून आमच्याकडे सरकत होती.

"तुला काय हवंय?" ह्यांनी विचारलं. "मला काय हवं ते तू दिवसभर शोधलंस. तुझं काय?"

आठवडाभर मी ह्यांचंच वजन करत होते. दुसऱ्या पारड्यात काही ठेवलंच नव्हतं. मग, बोलायचं म्हणून नव्हे, पण तोंडातून निघालं, "मला भीती वाटते. दुसऱ्याचा काटा चुकीचा आहे म्हणायचं आणि गाडी पकडायची, हे मला येतं. चूक आहे म्हणून सांगून तिथंच थांबायचं, रोज त्याच माणसांना तोंड दाखवायचं, हे मी कधी केलेलं नाही. तुम्ही नको म्हणाल, असं धरूनच मी चालले होते. तुमच्या नकारावर माझं भागलं असतं."

हे परत खाली बसले. म्हणाले, "भीती वाटते म्हणून नाही म्हणणार असशील, तर म्हण. मी मोडता घालणार नाही. जाऊ आपण परत, पुसेन पाटी. पण ते माझ्या नावावर खपवू नकोस."

खुर्चीवाला येऊन उभा राहिला, तेव्हा आम्ही उठलो.

सकाळी हे माझ्याबरोबर कारखान्यापर्यंत आले नाहीत. भिंगांची दोन कामं अर्धी राहिलीत म्हणाले आणि बाजाराकडे वळले. जाताना काही विचारलं नाही. मी वाटभर हो आणि नाही दोन्ही घोकत गेले. दोन्ही सारखीच अनोळखी वाटत होती.

काटे एव्हाना स्थिरावले होते. मी ते तपासले, सह्या केल्या आणि प्रमुखांच्या खोलीत गेले.

"काय म्हणतायत मिस्टर?" त्यांनी पहिला प्रश्न केला.

"त्यांचं उत्तर त्यांनी मला दिलंय. माझं, हो आहे."

माझा आवाज मला परका वाटला. हो म्हटलं की सगळं लख्ख होईल, अशी माझी कल्पना होती. तसं काही झालं नाही. प्रमुख मात्र खूश होऊन उठले, किल्ल्या घेतल्या आणि खोली दाखवायला घेऊन गेले.

खोली मोडक्या खुर्च्यांनी भरली होती. मी मधून वाट करून भिंतीला तळहात लावला. पलीकडे काहीतरी घरघरत होतं.

"कॉम्प्रेसर आहे का पलीकडे?"

"हो, पण जाड भिंत आहे."

"ही खोली चालणार नाही. इथं काटा थरथरत राहील."

एरवी हे मी लिहून दिलं असतं, आणि लिहिलेलं त्यांच्या हातात पडेपर्यंत गाडीत असते. प्रमुखांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पुढच्या मोकळ्या बोळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग कुठली?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. "बघू या," मी म्हटलं, पाठ मोडलेल्या एका खुर्चीवर पर्स ठेवली आणि त्यांच्या मागून बोळात गेले.