एक दिवस थंडीत

संगमेश्वर सरांना इतकं खूश धम्मप्रियानं कधी पाहिलंच नव्हतं. नांदेडच्या कॉलेजातल्या त्या कोंदट प्रयोगशाळेत ते संगणकाच्या पडद्यावर बोट आपटत होते.

"हे कुणालाच सापडलेलं नाही! सगळे म्हणतात, धमनी एक दिवस थंडीत ठेवली तर फरक पडत नाही. आपली तर चक्क ताठ झालीय. लिही, लगेच लिही."

धम्मप्रियाच्या पीएचडीचा विषयच तो होता. बकऱ्याच्या हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीचे तुकडे यंत्राच्या चिमट्यात धरायचे, ओढायचे आणि किती ताणतात ते मोजायचं. प्रयोगाला ताजी धमनी दर वेळी कुठली मिळायला! साठवलेल्या धमनीवर भरवसा ठेवावा की नाही, हे कुणीतरी छातीठोक सांगायला हवं होतं. ते आपण सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं.

पण हा निकाल तिच्या काही गळी उतरेना. थंडीतल्या साऱ्याच धमन्या ताठ झाल्या असत्या तर गोष्ट वेगळी. काही ताठ, काही अगदी ताज्यासारख्या. थंडी काय तोंड बघून वागते?

"सर, लिहायच्या आधी एकदा बघते."

"काय बघतेस? हा पेपर गेला तर पुढच्या वर्षीची फेलोशिप पक्की. नाही गेला तर माझ्या हातात काही नाही."

धम्मप्रियाला फेलोशिपची गरज होती, आणि ती सरांना ठाऊक होती. तरी ती रविवारी लातूरला गेलीच.

नांदेडच्या खाटकांनी तिला सुरुवातीलाच उडवून लावलं होतं. लातूरचे मुनीरभाई मात्र धमनी कुठं न फाडता अख्खी काढून देत. आठवड्याच्या मधल्या वारी ती डबा घेऊन तडक नांदेड गाठायची. त्या ताज्या धमन्या. रविवारी प्रयोगशाळा बंद, म्हणून वाटेत अहमदपूरला उतरायचं आणि डबा सोमवारपर्यंत घरच्या फ्रिजमध्ये. त्या एक दिवस थंडीतल्या. आजवर डबा फ्रिजमध्ये गेला की ही मैत्रिणींकडे गप्पा मारायला मोकळी. ह्या खेपेला ती फ्रिजसमोर पाट टाकून बसली.

"तिथं काय दूध उतू जाऊन राहिलंय का?" पारूबाईनं, तिच्या आईनं, विचारलं.

"बघते जरा, माय."

दुपारी लाईट गेली. पारूबाई भाकऱ्या थापत होती. ती उठली, हात धुतले, फ्रिज उघडला, डब्याचं झाकण काढून त्यात मूठभर मीठ टाकलं आणि झाकण लावून परत भाकरीकडं वळलीसुद्धा.

धम्मप्रिया पाटावरून ताडकन उठली.

"माय! काय टाकलंस त्यात?"

"मीठ. लाईट गेली न्हवं? फ्रिज गरम व्हतो. नासलं म्हंजे?"

"दर वेळेस टाकतीस?"

"लाईट गेली की टाकते. तूच म्हनलीस की मिठाच्या पान्यात हाय म्हनून. जरा जास्त पडलं तर काय व्हतंय? माझी माय तर मटनाला मीठ लावून दोरीवर वाळवायची. लई दिस टिकायचं."

डब्यातलं पाणी रक्ताइतकंच खारट असायचं, मोजून केलेलं. त्यात मूठभर मीठ पडलं की ते धमनीतलं पाणी ओढून घेणार आणि धमनी ताठ होणार. थंडीचा काही संबंधच नव्हता. ज्या रविवारी लाईट टिकली, त्या रविवारच्या धमन्या ताज्यासारख्या राहिल्या, एवढीच काय ती सरांची थोर शोधकथा!

तिच्या डोक्यात सणक गेली. "माझं अख्खं साल मातीत घातलंस!" ती ओरडली. आणखीही बरंच बोलली, बोलू नये ते. पदराला हात पुसत पारूबाई नुसती उभी राहिली. तिचा तो पडलेला चेहरा पाहून धम्मप्रियाला स्वतःचीच लाज वाटली, पण माफी मागायला जीभ वळेना.

सोमवारी तिनं सरांना सगळं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला.

"घरातली गोष्ट कुणाला कळणारंय? आकडे तर खोटे नाहीत ना?"

"आकडे खरे आहेत, सर. पण ते मिठाचे आहेत, थंडीचे नाहीत."

"मग निघेल तोच जुना निकाल. त्यात नवीन काय? त्याच्यासाठी फेलोशिपवर पाणी सोडशील?"

"सोडते. शिकवण्या घेईन." ती म्हणाली. "सगळे नमुने नव्यानं आणते."

सर वैतागले, खोलीत एक चक्कर मारून आले, मग खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता. "बरं, आण. पण डबा आता दुसरीकडं कुठंतरी ठेव."

"नाही सर. आईकडंच ठेवणार."

आईला चोर ठरवून डबा दुसऱ्याच्या दारी न्यायचा, हे तिला मरून जमलं नसतं. पुढच्या रविवारी तिनं डबा पारूबाईच्या हातात दिला, फ्रिजमध्ये तापमापक ठेवला आणि समजावलं, काटा चाराच्या आसपास हवा, झाकण उघडायचं नाही. पारूबाईनं मान हलवली. त्या दिवशी धम्मप्रियाला शिकवणीसाठी संध्याकाळीच नांदेडला परतावं लागलं. मायलेकींत धड बोलणं झालं नाही.

सोमवारी सकाळी पारूबाई स्वतःच एसटीनं डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, बर्फात डबा.

"लाईट गेली होती का, माय?"

"हाव. तू गेलीस अन् गेली. बर्फ आनला, डब्याच्या भवतीनं लावला. काटा बघत बसले. झाकण उघडलं न्हाई."

धम्मप्रियानं तुकडा कापला, चिमट्यात धरला, यंत्र सुरू केलं. सरही शेजारी येऊन उभे राहिले. पडद्यावर रेघ चढू लागली. ताज्या धमनीची रेघ तिथं आधीपासून होती. नवी रेघ तिच्या अंगावरूनच गेली, शेवटपर्यंत.

"म्हंजे काय झालं?" पारूबाईनं भीत भीत विचारलं.

"काही नाही झालं, माय. नीट ठेवली तर एक दिवस थंडीत काहीच होत नाही."

"सगळे म्हनत व्हते तेच?"

"हाव. तेच."

"त्याच्यासाठी तू एवढं सोडलंस?"

"हाव."

पारूबाईनं भाकरीचं गाठोडं उचललं. "बरं केलंस," ती म्हणाली. "चला, भाकर खाऊन घ्या. सर, तुमी बी या."

तिघं बाहेर व्हरांड्यात बसली. सरांनी पिठल्याचा पहिला घास घेतला आणि ते चावता चावता थांबले. धम्मप्रियानं घास तोंडात घातला. पिठलं पार अळणी होतं. भाकरीतही मिठाचा कण नाही.

"माय, मीठ विसरलीस?"

"इसरले न्हाई," पारूबाई खाली बघत म्हणाली. "डबा घरात आल्यापासून बरनीला हातच लावला न्हाई. म्हनलं, हाताला लागून त्यात गेलं म्हंजे?"

धम्मप्रियानं हातातली भाकर खाली ठेवली. "माय, त्या दिवशी मी लई वंगाळ बोलले," तिनं म्हटलं, आणि मग तिला रडूच आवरेना.

"खा आधी," पारूबाई म्हणाली.

सरांनी मीठ मागितलं नाही. तिघांनी मिळून ते पिठलं पुसून खाल्लं.