इमामबीच्या मिरचीवरची ताडपत्री

मी एक जुनी ताडपत्री आहे, मित्रांनो, आणि हे मी मान वर करून सांगते. हल्ली निळ्या, चुरचुर वाजणाऱ्या प्लास्टिकलाही लोक ताडपत्री म्हणतात. म्हणोत बापडे! मी जाड सुती कापडाची, मेण पाजलेली, कडांना पितळी कड्या लावलेली अस्सल ताडपत्री आहे.

पेठ वडगावच्या बाजारात आकारामशेठ नावाच्या गूळ व्यापाऱ्याने मला नवीकोरी विकत घेतले. कितीतरी वळीव मी अंगावर झेलले, पण गुळाच्या एकाही ढेपेला पाणी लागू दिले नाही. "ही हाय म्हणून मला झोप लागते," असे शेठ चारचौघांत सांगायचे. तेव्हा मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू! पुढे त्यांनी पक्के गोदाम बांधले आणि मला घडी करून कोपऱ्यात टाकले. उंदरांनी मला भोके पाडली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय! शेवटी जुन्या सामानाबरोबर मी विकली गेले आणि इमामबीच्या घरी आले.

इमामबीचा डंक होता. डंक म्हणजे मिरची कुटायचे यंत्र. शिरोली एमआयडीसीकडून कोल्हापुरात येणाऱ्या रस्त्याला लागूनच तिचे घर. उन्हाळा लागला की बायका मिरच्या घेऊन यायच्या. इमामबी त्या गच्चीवर वाळवायची आणि वर्षाची चटणी कुटून द्यायची. नवऱ्याच्या मागे ह्याच डंकावर तिने घर चालवले होते. पण त्या उन्हाळ्यात कळंब्याची अंबूबाई, तिची कायमची गिऱ्हाईक, चटणीचा डबा घेऊन परत आली.

"इमामबी, वाळू हाय गं चटणीत. घास घेतला की दाताखाली कचकच. तुझ्या हाताला नावं ठेवत न्हाय मी, पण औंदा दुसरीकडं कांडून घेते."

अंबूबाई गेली, तिच्या मागोमाग गल्लीच्या गल्ली गेली. दिवसभर धडधडणारा डंक गप्प झाला. आणखी एक उन्हाळा असाच गेला तर तो विकावा लागणार, हे इमामबीला कळून चुकले होते.

वाळू कुठून येते हे सगळ्यांना दिसत होते. लोखंडाच्या ओतकामात जळून काळी झालेली वाळू भराव टाकायला ह्याच रस्त्याने जायची. ट्रक भरभरून आणि उघडीच. एक ट्रक गेला की गच्चीवर काळा थर बसायचा. म्हणून तर इमामबीने मला आणले. तिने मला मिरच्यांवर पसरले आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

अहो, मी काय साधा कपडा आहे का? माझ्याखाली वारा जाईना, ऊन जाईना. मिरच्या घामेजल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांना बुरशी धरली. इमामबी डोक्याला हात लावून बसली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार झाला होता. मला फार वाईट वाटले.

त्याच दिवशी महापालिकेच्या पर्यावरण विभागातली निशिगंधा रस्त्यावरची धूळ मोजायला आली. इमामबीच्या नाकाला आधीच मिरच्या झोंबलेल्या!

"धूळ मोजताय व्हय बाई? मोजायला यंत्र कशाला पायजे? माझी चटणी खाऊन बघा की!"

निशिगंधाने खरेच परत आलेल्या डब्यातली चिमूटभर चटणी तोंडात टाकली. तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि दाताखाली कच्च वाजले.

"चाची, ही वाळू निदान दाताला कळते," ती म्हणाली. "छातीत जाते ती कळतही नाही. हवा सुधारायला सरकारनं आराखडा केलाय, निधी दिलाय. प्रत्येकाला काम वाटून दिलंय. कारखान्यांकडं प्रदूषण मंडळ बघणार. रस्ते झाडायचे, उघड्या गाड्या अडवायच्या, ते आमचं काम."

"मग माझ्या मिरचीला झाकण्यापरीस त्या वाळूला झाका की!"

निशिगंधा हसली. "चाची, आराखड्यात हेच लिहिलंय. फक्त चार पानं लागलीत लिहायला."

पुढच्या आठवड्यात पोलीस आणि महापालिकेची माणसे ह्याच रस्त्यावर उभी राहिली. उघडी वाळू दिसली की गाडी मागे फिरवायची! पहिलीच गाडी अडली ती कृष्णातची, बरोबर इमामबीच्या दारासमोर. कृष्णात ड्रायव्हर म्हणजे तोंडाने फटकळ.

"मालक ताडपत्री देत न्हाय, त्याला मी काय करू?" तो ओरडला. "माझं अंग पसरू काय वाळूवर?"

इमामबी तरातरा गच्चीवर गेली, मला ओढत खाली आणले आणि त्याच्या पुढ्यात टाकले.

"ही पसर."

"फाटकी हाय की ओ चाची!"

"फाटकी हाय म्हणून झाकायचं सोडतोस व्हय? शिव!" तिने त्याच्या हातात दाभण आणि सुतळी दिली. तो भर रस्त्यात बसून मला टाके घालू लागला. लोक हसत होते, आणि पहिल्यांदा गुरगुरणारा कृष्णात नंतर स्वतःही हसू लागला.

मग मी ट्रकावर चढले. गाडीने वेग घेतला, वाऱ्याने मला उचकटायला पाहिले, पण चारी बाजूंनी दोरी आवळलेली होती. मी एक कण उडू दिला नाही. शाब्बास गं माझी, असे मीच मला म्हटले!

हळूहळू सगळ्याच गाड्या झाकून येऊ लागल्या. महापालिकेच्या झाडणाऱ्या यंत्राने कडेची वाळू ओढून नेली, आणि कडेला फरशा बसल्या. पुढच्या उन्हाळ्यात कृष्णात डंकापुढे गाडी लावून भाकरी खात होता, तेवढ्यात अंबूबाई आली. तिने त्याच्याच भाकरीचा तुकडा मोडला, इमामबीच्या नव्या चटणीला लावला आणि सावकाश चावला. इमामबीने पदर घट्ट धरला होता.

"न्हाय लागत," अंबूबाई म्हणाली.

"काय न्हाय लागत? तिखट?"

"वाळू गं, बाई! पोती उतरवून घे माझी."

इमामबीने तिथल्या तिथे तिला मिठी मारली. त्या दिवशी डंक दिवेलागणीपर्यंत धडधडत होता.

भाकरी संपवून कृष्णात गाडीवरच्या माझ्या दोऱ्या सोडू लागला. "चाची, मालकानं नवी दिली. ही तुमची घ्या माघारी."

इमामबीने गच्चीकडे पाहिले. तिथे लालभडक मिरच्या उघड्या पसरल्या होत्या.

"मला कशाला? जिच्यावर काय न्हाय, अशी गाडी बघ आणि तिला दे."

म्हणून मी अजून ह्या रस्त्यावर आहे, मित्रांनो. माझ्यासारखी एखादी तुमच्याकडे अडगळीत पडली असेल तर तिला उन्हात झटका, भोके शिवा. आणि कुठे वाळू, माती उघडी जाताना दिसली तर आपली खिडकी लावून गप्प बसू नका. मोठ्यांना सांगा, महापालिकेला कळवा. गाडीवाला कुरकुरला तर त्याच्या हाती दाभण द्या.