दोन सेनापतींमधला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे हं! खिडकीचे पडदे नुसते वाऱ्यावर झुलतात. मी दोन सैन्यांच्या मध्ये उभा राहिलेला पडदा आहे.

कोटाच्या उरलेल्या जाड कापडातून शिंपीकाकांनी मला शिवलं आणि घड्याळकाकांच्या दुकानामागच्या खोलीत, टेबलाच्या बरोबर मधोमध, दोरीवर टांगलं. तिथे दोघे मित्र लढाईचा खेळ मांडत. दोन्ही बाजूंना एकसारखे नकाशे. शिंपीकाकांचे शिपाई म्हणजे बटणं, घड्याळकाकांचे म्हणजे घड्याळातली जुनी चाकं. दोघेही सेनापती, पण सेनापतीला आपल्या टेकडीवरून दिसेल तेवढंच कळायचं. दोन्ही बाजू दिसत त्या फक्त काकूंना, म्हणजे घड्याळकाकांच्या बायकोला. टेकडीवरून दिसेनाशी झालेली आपली तुकडी कुठे पोचली, तेही त्यांनाच ठाऊक. त्या ज्याच्या त्याच्या कानात सांगत, "रानामागे धूळ उडतेय." कुणाची धूळ, ते ज्याचं त्यानं ओळखायचं. एकदा शिंपीकाकांनी त्या धुळीवर धडाधड तोफा डागल्या, आणि ते निघालं त्यांचंच घोडदळ! घड्याळकाकांची हसून हसून पुरेवाट झाली. शिंपीकाका गाल फुगवून घरी गेले, पण दुसऱ्या दिवशी हजर. पडदा आहे म्हणून खेळ आहे, असं काकू म्हणायच्या आणि मी उगाच ताठ व्हायचो.

मग घड्याळकाकांची नजर अधू होत गेली. आधी बारीक स्क्रू दिसेनात, मग काटे, मग माणसांचे चेहरे. दुकान मुलानं सांभाळलं. आंधळ्या सेनापतीचं काय काम, असं म्हणून काकांनी खेळही बंद केला. शिंपीकाकांनी मला जड हातांनी उतरवलं आणि आपल्या शिलाई मशीनवर टाकलं. तिथे मी धूळ खात पडलो. घड्याळकाका दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात, असं कानावर यायचं. फार वाईट वाटायचं मला.

शेवटी काकूंनीच एकदा विषय काढला. "अहो, पडद्यापलीकडचं तुम्हाला आजवर कधी दिसलं होतं? मी सांगायचे आणि तुम्ही लढायचात."

शिंपीकाकांनी हे ऐकलं मात्र, लगेच नवा नकाशा शिवायला घेतला. नदी जाड दोऱ्याची, टेकड्या कापूस भरलेल्या, रस्ते टाक्यांचे. घड्याळकाकांनी त्यावरून हळूहळू बोटं फिरवली. चाकं तर त्यांना हात लावताच ओळखू येत. आपली टेकडी सापडली तशी त्यांची मान वर झाली.

सगळं मांडून झालं. शिंपीकाका बसणार, तेवढ्यात घड्याळकाका म्हणाले, "थांब. आधी पडदा लाव."

"अरे, आता कशाला पडदा?"

"माझ्यासाठी नाही रे. तुझे डोळे शाबूत आहेत ना अजून? माझं सैन्य चोरून बघशील."

शिंपीकाका हसता हसता डोळे पुसत राहिले. मग धावत जाऊन मला घेऊन आले, झटकलं आणि दोरीवर चढवलं. त्या दिवशी घड्याळकाका जिंकले, आणि त्याचा तोरा त्यांनी आठवडाभर मिरवला.

मित्रांनो, आता मला दोन-चार ठिगळं आहेत, पण मी मजेत आहे. एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूचं फडकं करण्याआधी आणि दमलेल्या गड्याला खेळातून उठू देण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि एकदा विचारा, "पुन्हा मांडायचा का?"